इको-स्कूल्स की लाउदातो सी? धार्मिक शाळेने कोणती वाट धरावी

धार्मिक संस्थेच्या शाळेला पर्यावरणाचं काम मनावर घ्यायचं असेल, तर दोन तयार चौकटी समोर येतात. एक इको-स्कूल्स, हा शाळांसाठीचा आंतरराष्ट्रीय पर्यावरण कार्यक्रम; दुसरी लाउदातो सी कृती मंच, हा व्हॅटिकनचा उपक्रम. इको-स्कूल्समध्ये सात पायऱ्या आहेत, लाउदातो सी कृती मंचात सात उद्दिष्टं. कागदावर दोन्ही भावंडंच वाटतात. फरक कळतो तो काम कोणाच्या गळ्यात पडतं, ते पाहिल्यावर.

इको-स्कूल्स १९९४ पासून चालू आहे आणि त्याचा कुठल्याच धर्माशी संबंध नाही. सुरुवात मुलांच्या समितीपासून होते, मग शाळेची पाहणी, आराखडा, नोंदी आणि बाकीचं. मूल्यमापनात उतरलात तर हिरवा झेंडा मिळतो. तो कायमचा नसतो, ठरावीक काळाने पुन्हा मिळवावा लागतो.

यातली पाहणी मला सगळ्यात मोलाची वाटते. सुट्टीसाठी शाळा बंद होताना मुलांनी विजेच्या मीटरचा आकडा टिपायचा आणि उघडताना पुन्हा टिपायचा. मध्ये शाळेत चिटपाखरू नसतं, तरी युनिट पडलेलेच असतात. मग शोध सुरू होतो: पाणी थंड करणारं यंत्र, संगणक कक्षातले चालू राहिलेले स्क्रीन, विसरलेला पंप. पाण्याच्या मीटरवर हीच युक्ती केली की गळकी टाकी पकडली जाते. हिशेब एका वजाबाकीचा, पण त्यापुढे मुख्याध्यापकांनाही वाद घालता येत नाही.

लाउदातो सी मंच कॅथलिक आहे. पोप फ्रान्सिस यांचं पर्यावरणावरचं त्या नावाचं परिपत्रक (पोपने लिहिलेलं धर्मपत्र) २०१५ चं. त्यावरून व्हॅटिकनने २०२१ मध्ये सात वर्षांच्या वाटचालीचा हा मंच उभा केला. शाळांबरोबर कुटुंबं, रुग्णालयं, धर्मसंघ असे गटही त्यात आहेत. आपण कुठे आहोत हे शाळेने स्वतःच ठरवायचं. आणि इथेच मेख आहे: एक प्रार्थनासभा, एक चित्रकला स्पर्धा, चार रोपं, की आराखडा 'पूर्ण' झाला म्हणायला कोणी मोकळं. रोपं जगली का, हे विचारायला कोणी येत नाही.

पण या मंचात एक गोष्ट आहे जी झेंड्याच्या वाटेवर सहसा येत नाही. पृथ्वीच्या हाकेशेजारीच गरिबांची हाक ठेवलेली आहे आणि अर्थव्यवहार हे वेगळं उद्दिष्ट आहे. म्हणजे संस्थेचा निधी कुठे गुंतवलाय, कोळसा-तेलात तर नाही ना, असे अडचणीचे प्रश्न विश्वस्तांच्या टेबलावर येतात, तेही त्यांच्याच श्रद्धेच्या भाषेत.

धार्मिक शाळेत हे महत्त्वाचं, कारण छत, जमीन आणि बऱ्याचदा वीजबिलही संस्थेचं, प्रार्थनास्थळासकट एकत्र. मुलांची समिती पंखे बंद करील. छतावर सौर पॅनेल बसवणं किंवा पटांगणातलं काँक्रीट उखडणं तिच्या हातात नाही. म्हणून माझं मत असं: विश्वस्त नाखूश असतील तर आधी लाउदातो सी. ते राजी आहेत, पण कुणी काही मोजलेलंच नाही, तर इको-स्कूल्स. दोन्हींचे फॉर्म एकाच वर्षी भरू नका, तो एक बिचारा विज्ञानशिक्षक पळून जाईल.

शाळा कॅथलिक नसेल तर? इस्लामी परंपरेत २०१५ ची इस्तंबूलची हवामानविषयक घोषणा आहे आणि २०२४ चं 'अल-मिझान' हे पृथ्वीविषयीचं प्रतिज्ञापत्र आहे. यहुदी परंपरेत नासाडी न करण्याचा 'बाल तश्खित' नियम आहे. त्याचं मूळ वेढ्याच्या वेळीही फळझाडं तोडू नका, या आज्ञेत. वर्गात सांगायला ही झाडांची गोष्ट मला कुठल्याही घोषणापत्रापेक्षा सरस वाटते. मात्र या वचनांना पायऱ्या नाहीत, तपासणीही नाही. अशा शाळेने कारण आपल्या ग्रंथातून घ्यावं आणि मोजमाप इको-स्कूल्सचं.

इको-स्कूल्सची नोंदणी देशातल्या संचालक संस्थेमार्फत होते. ती आपल्याकडे आहे का, शुल्क किती, हे बैठकीआधी विचारून ठेवा. मीटरचा आकडा टिपायला मात्र नोंदणी लागत नाही. येत्या सुट्टीआधीच टिपा.