निवेदनावर सही करण्याआधी: साधा खटला, जिलाबदर, रासुका की यूएपीए?

मोहल्ल्यात एखादा गुंड डोईजड झाला किंवा कुठे दगडफेक झाली, की इंदुरात निवेदन फिरायला लागतं: "याच्यावर रासुका (राष्ट्रीय सुरक्षा कायदा) लावा." सही मागायला शेजारीच येतात आणि त्यांची भीती खरी असते. म्हणूनच आपण नक्की काय मागतोय ते आधी पाहावं.

साध्या फौजदारी मार्गात अटकेनंतर 24 तासांत माणूस मॅजिस्ट्रेटपुढे उभा राहतो. आरोपपत्र 60 किंवा 90 दिवसांत आलं नाही, तर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. तो सुटून पुन्हा त्याच गल्लीत येतो आणि साक्षीदार गप्प होतात, ही तक्रार मला खोटी वाटत नाही. त्यावर इथला उपाय म्हणजे जिलाबदर. 1990 च्या मध्य प्रदेश राज्य सुरक्षा अधिनियमाखाली नोटीस देऊन, म्हणणं ऐकून, सराईत गुन्हेगाराला वर्षापर्यंत जिल्ह्याबाहेर काढता येतं. हाही कडकच उपाय, पण माणूस तुरुंगात नसतो.

1980 चा रासुका याहून फार वेगळा आहे. पुढे हा काय करील या अंदाजावर जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त माणसाला आत टाकू शकतात. कारणं साधारणपणे पाच दिवसांत कळवायची असतात, पण लोकहिताच्या नावाखाली त्यातली काही माहिती राखूनही ठेवता येते. तीन आठवड्यांत प्रकरण सल्लागार मंडळापुढे जातं आणि तिथे वकील उभा करण्याचा हक्क नाही. मंडळानं होकार दिला, तर कैद 12 महिन्यांपर्यंत. एवढं होऊन गुन्हा शाबीत झालेला नसतोच; ज्याला मार बसला त्याच्या न्यायासाठी मूळ खटला वेगळा चालवावाच लागतो. निवेदन लिहिणाऱ्यांच्या ध्यानात हे सहसा येत नाही.

नाव राष्ट्रीय सुरक्षेचं, पण मध्य प्रदेशात हा कायदा 2019 मध्ये भेसळवाल्यांवर आणि 2021 मध्ये रेमडेसिव्हिरच्या काळ्या बाजारावरही लागला. राग रास्तच होता. पण 1965 मध्ये राममनोहर लोहियांच्या स्थानबद्धतेच्या (खटल्याविना कैदेच्या) प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचे न्या. हिदायतुल्ला यांनी एकात एक तीन वर्तुळं सांगितली होती: सर्वांत मोठं कायदा-सुव्यवस्थेचं, त्याच्या आत सार्वजनिक व्यवस्थेचं, सर्वांत आत राज्याच्या सुरक्षेचं. प्रत्येक गुन्हा आतल्या वर्तुळात जात नाही. एप्रिल 2020 मध्ये इंदुरातल्या टाटपट्टी बाखलात आरोग्य कर्मचाऱ्यांवर दगडफेक झाली आणि रासुका लागला, ते प्रकरण मधल्या वर्तुळाच्या जवळ होतं असं मी मानतो. गल्लीतली हाणामारी तिथे बसत नाही.

यूएपीएत, म्हणजे दहशतवादी आणि बेकायदेशीर कारवायांविरुद्धच्या केंद्रीय कायद्यात, निदान खटला असतो. पण आरोपपत्राला 180 दिवसांपर्यंत मुदत मिळू शकते आणि आरोप नुसता प्रथमदर्शनी खरा वाटला तरी जामीन अडतो. याच कायद्याखाली अटकेत असलेले 84 वर्षांचे पाद्री स्टॅन स्वामी 2021 मध्ये कोठडीत असतानाच गेले. त्याच वर्षी नजीब प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की खटला फार रेंगाळला तर जामीन देता येतो. दहशतवाद खरा आहे, हेही इंदूरकरांना सांगायला नको: बंदी घातलेल्या सिमी संघटनेचा सफदर नागोरी मार्च 2008 मध्ये इथेच पकडला गेला. त्याला जन्मठेप झाली ती 2017 मध्ये, इथल्याच न्यायालयात, पुरावे तपासून. नऊ वर्षं फार झाली. पण त्या निकालाला जे वजन आहे ते कोणत्याही स्थानबद्धतेच्या आदेशाला येणार नाही.

आणि मीसा, म्हणजे आणीबाणीत खटल्याविना कैदेसाठी वापरलेला कायदा. आणीबाणीत आत गेलेले काका-आजोबा इथल्या कितीतरी मराठी घरांना ठाऊक आहेत. 28 एप्रिल 1976 ला एडीएम जबलपूर खटल्यात, आपल्याच राज्यातल्या एका स्थानबद्धाच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक मतानं ठरवलं की आणीबाणीत अशा कैदेविरुद्ध कोर्टात दादच मागता येत नाही. विरोधी मत एकट्या न्या. खन्नांचं. तो निकाल 2017 मध्ये खासगीपणाच्या हक्काच्या पुट्टस्वामी प्रकरणात मोडीत निघाला. मधल्या काळात, 2008 पासून, मध्य प्रदेश सरकार मीसाबंदींना सन्मान निधी देऊ लागलं होतं. ज्या घरात तो निधी येतो, त्या घरानं रासुकाच्या कागदावर डोळे मिटून सही करू नये, असं मला मनापासून वाटतं.

मोठी दंगल तोंडावर आहे, ठोस माहिती आहे आणि दुसरा उपाय वेळेत लागू होत नाही, एवढ्याच वेळी मी रासुकाला हो म्हणेन. एरवी निवेदनातला तो शब्द खोडायला सांगा. त्याजागी लिहा: आरोपपत्र मुदतीत दाखल करा, साक्षीदारांना संरक्षण द्या, जामिनाच्या अटी मोडल्या तर तो रद्द करायला अर्ज करा, आणि सराईत असेल तर जिलाबदरचा प्रस्ताव पाठवा.