इस्तंबूलला उतरणाऱ्यांनो, बोट किती वाजता सुटते हे कुणालाही सांगू नका

क्रूझवरून इस्तंबूलला एका दिवसासाठी उतरणार असाल तर आधी हे वाचा. आमचे 15,000 लिरा गेले. जून 2024 च्या भावाने साधारण 38,500 रुपये. हातात काय आलं, तर केशर म्हणून रंगवलेल्या करडईच्या पाकळ्यांचे दहा डबे.

बोट गलाटापोर्टला लागते. तिथून गलाटा पूल चालत ओलांडला की एमिनोन्यू, समोर येनी जामी मशीद आणि तिला लागूनच 1664 सालचा मिस्र चार्शी, म्हणजे मसाल्यांचा बाजार. आमची सकाळ आया सोफियात गेली. परदेशी पर्यटकांना माणशी 25 युरो तिकीट, वर रांग. बाजाराशी पोचेपर्यंत दुपारचे अडीच झाले होते आणि पाचच्या आत बोटीवर परतायचं होतं.

मशिदीपाशी एक तरुण पुढे आला. नीटनेटके कपडे, बोलणं मृदू. ‘हिंदुस्तान? शाहरुख खान!’ ही सुरुवात तर आता सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे आम्ही सावधच होतो. पण तो काही विकत नव्हता. मशिदीबद्दल बोलला, फोटो काढून दिले आणि मग सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘तुमची बोट किती वाजता?’ ह्यांनी सांगितलं, पाच.

तिथेच ओळखायला हवं होतं. वाट दाखवणाऱ्याला आमच्या बोटीची वेळ कशाला हवी? त्याला फक्त एवढंच जाणून घ्यायचं होतं की ही माणसं उद्या इथे भांडायला येऊ शकणार नाहीत. हॉटेलात उतरलेला माणूस सकाळी परत येऊन दुकानात तमाशा करू शकतो. क्रूझवाला संध्याकाळी समुद्रात असतो. हा प्रश्न आठवला की अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

‘आत गर्दी आहे, भाव दुप्पट आहेत, माझ्या काकांचं दुकान मागेच आहे.’ पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. चहा आला, काका आले. काकांनी बरणीतल्या दोन काड्या ओल्या कागदावर घासून दाखवल्या. पिवळा रंग हळूहळू उतरला, काडी लालच राहिली, वासही अस्सल. ते केशर खरंच होतं, याबद्दल मला आजही शंका नाही. ग्रॅमला 150 लिरा, म्हणजे आपले 385 रुपये. भाव फुकटासारखा स्वस्त असता तर मी उठलेच असते. पण तेव्हा आपल्याकडेही चांगलं केशर साधारण याच भावाने मिळत होतं. पुतण्याच्या लग्नात आहेर म्हणून द्यायला पाच-पाच ग्रॅमचे दहा डबे सांगितले. 7,500 लिरा.

डबे भरले ते गल्ल्याच्या खाली, आमच्याकडे पाठ करून. वर जाड टेप. ‘विमानतळावर अडवणार नाहीत.’ माल डोळ्यांसमोर भरून घ्या आणि टेप लावू देऊ नका, हे इथेच सांगून ठेवते.

मग कार्ड. ह्यांनी पिन दाबला, मशीन वाजलं, काकांनी ते झटकन ओढून घेतलं. ‘नेटवर्क नाही.’ दुसरं मशीन आलं, पुन्हा पिन. बँकेचा मेसेज बघावा तर फोन बंद, कारण रोमिंग महाग म्हणून बोटीवरचे निम्मे लोक फोन एअरप्लेन मोडवरच ठेवतात. हेही त्या लोकांना पक्कं माहीत असतं. व्यवहार फसला म्हणाले तर फसल्याची चिठ्ठी मशीनमधून काढून मागा. नाही दिली तर दुसऱ्यांदा पिन दाबू नका, मग बोट सुटायला दहा मिनिटं असोत की दोन.

रात्री वायफाय घेतलं तेव्हा दिसलं: 7,500 आणि 7,500. बोटीवरच्या काउंटरवर उत्तर मिळालं, ‘तुम्ही आमची सहल घेतली नव्हती, आमची जबाबदारी नाही.’ पुढच्या बंदरातले पोलीस म्हणाले, इस्तंबूलला जाऊन तक्रार करा. बोट सोडून जायचं? घरी आल्यावर बँक म्हणाली, तिथल्या पोलिसांचा कागद आणा. इथल्या पोलिसांनी सांगितलं, गुन्हा परदेशातला, आमच्या हद्दीत येत नाही. बँकेत दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून गोष्ट, आणि शेवटी तेच पालुपद: पिन टाकलात म्हणजे व्यवहार तुमचाच. अहो, व्यवहार आमचाच आहे, पण एक! दोन मिनिटांच्या अंतराने, तेवढ्याच रकमेचे दोन व्यवहार स्टेटमेंटवर छापलेले आहेत, ते वाचायला कुणाला सवड नाही. आमच्या वयाकडे बघून ‘काका, परदेशात जपून राहायचं ना’ असं ऐकवायला मात्र सवड आहे.

डबा उघडला तो जाऊबाईंनी, श्रीखंडासाठी. कोमट दुधात टाकताच क्षणात लालभडक रंग सुटला आणि काड्या फिक्या पडल्या. मी सोलापूरकडची, लहानपणी करडईच्या काट्यांतून पाय ओरबाडून घेत फिरलेली. बोटांत धरल्याबरोबर ओळखलं. केशराची काडी एका टोकाला तुतारीसारखी रुंदावते, ही नुसती बारीक पाकळी होती. आहेराचा विचार रद्द केला आणि लग्नघरात काय सांगायचं ते सांगितलं.

बँकेने प्रकरण बंद केलं आहे. आता रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार केली आहे. तिला फी लागत नाही. बँकेने तक्रार फेटाळली किंवा 30 दिवसांत उत्तर दिलं नाही, की ती करता येते. तुमचंही कार्ड असंच कापलं गेलं असेल तर अर्जात भेसळ, काका, केशर काही लिहीत बसू नका. ‘एकाच खरेदीचे पैसे दोनदा कापले’ एवढंच लिहा आणि दोन्ही नोंदींची वेळ द्या. आमचा पहिला अर्ज चार पानी होता, तो कुणी वाचलाच नाही.