डब्ल्यूएक्समॅक्सिमा: आठ महिने वापरल्यावर

सिडकोत घरच्याच हॉलमध्ये इंजिनियरिंग मॅथ्सचे क्लास घेतो, एम-थ्रीची (मॅथ्सचा तिसरा पेपर) पोरं जास्त. प्रॅक्टिस शीटची उत्तरं तपासायला जूनपासून डब्ल्यूएक्समॅक्सिमा वापरतोय, म्हणजे डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन, समीकरणं अक्षरांतच सोडवून देणारं सॉफ्टवेअर. फुकट आहे, नेट लागत नाही आणि माझ्या 4 जीबीच्या म्हाताऱ्या लॅपटॉपवर पण चालतं, पावसाळ्यात आमच्याकडे नेटचा भरवसा नसतो म्हणून हे आधी सांगितलं.

पहिला आठवडा मात्र वैताग. ई रेज टू एक्सचं डेरिव्हेटिव्ह काढलं तर उत्तराला मागे लॉग ई चिकटून आलेला! अर्धा तास वाटत होतं आपलंच काहीतरी चुकतंय, मग कळलं की नुसता ई म्हणजे त्याच्या लेखी कुठलंही एक अक्षर, खरा ई हवा तर आधी टक्क्याची खूण लावायची, पायलाही तसंच. एलएन त्याला माहीतच नाही, लॉग म्हणजेच नॅचरल लॉग. मूळ प्रोग्राम 1968 चा, एमआयटीतला (पुण्यातली नाही, अमेरिकेतली), त्यामुळे थोडा जुना हट्टीपणा असणारच.

पण मला आवडलं ते वेगळंच. एक्स रेज टू एनचं इंटिग्रेशन मागितलं की लगेच उत्तर देत नाही, आधी विचारतं, एनची किंमत मायनस वन आहे का? वर्गात मी हा फॉर्म्युला इतकी वर्षं धडाधड लिहितोय, ती अट पोरांनीही विचारली नाही आणि खरं सांगतो, मीही दरवेळी सांगितली नाही. आता शीट बनवताना ते असं अडलं की तिथेच पेनाने खूण करतो, परीक्षेत पोरं नेमकी तिथेच घसरतात. कंटाळा आला की अझ्यूम लिहून आधीच सांगून टाकायचं, मग गप्प बसतं.

प्लस सी मात्र देत नाही, आणि वन अपॉन एक्सला नुसता लॉग एक्स, एक्सभोवती मोडच्या (चिन्ह सोडून किंमत घ्यायच्या) उभ्या रेघा नाहीत. एकाने तेच जसंच्या तसं उतरवून आणलं, लगेच पकडलं.

पाचव्या घाताचं एक्स रेज टू फाइव्ह मायनस एक्स मायनस वन सॉल्व्ह या कमांडला दिलं तर तेच समीकरण परत तोंडावर मारलं. फाइंड रूट या दुसऱ्या कमांडला, जी आकड्यात अंदाजे उत्तर काढते, 1 आणि 2 ची रेंज दिली तर 1.1673 लगेच. पोरांना वाटलं सॉफ्टवेअर बिघडलं, मग त्या दिवशीचा अख्खा तास न्यूटन-रॅफसनवरच (अंदाजापासून सुरू करून उत्तराच्या जवळ जवळ जायची पद्धत) गेला, शीट राहिली तशीच.