एअरबॅग रिकॉल सेवा, विदर्भ: काम तासाभराचं, वाट महिन्यांची

गुण: प्रत्यक्ष काम ५ पैकी ४.५. सुटा भाग मिळणं ५ पैकी २. मालकापर्यंत खबर पोचणं ५ पैकी १.

हे गुण कुठल्या एका शोरूमचे नाहीत. सेकंड हँड गाडी घेऊन दारव्हा, मेहकर, आर्वी, चामोर्शीकडे राहणाऱ्या माणसाला एअरबॅगची रिकॉल दुरुस्ती (दोष आढळला म्हणून कंपनी गाड्या परत बोलावून करते ती) कशी मिळते, त्या अख्ख्या व्यवस्थेचे आहेत. वर्कशॉपच्या रॅम्पवर गाडी चढली की पुढे फारशी तक्रार राहत नाही. गोची आहे ती गाडी रॅम्पवर चढेपर्यंत.

रिकॉलचं पत्र किंवा मेसेज जातो कंपनीच्या नोंदीतल्या मालकाला. आपल्या भागात फिरणाऱ्या कितीतरी गाड्यांची पाटी एमएच-१२ नाहीतर एमएच-१४ ची. पहिला मालक पुण्यात, गाडी यवतमाळ जिल्ह्यात, आणि मधल्या मधे दोन एजंट. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झालेल्या, पण आरटीओत गेलेलेच नाहीत, असंही सर्रास चालतं. कायद्याने घेणाऱ्याने ३० दिवसांत गाडी नावावर करून घ्यायची असते. पण समजा ते केलं, आरसीवर तुमचं नाव आलं, तरी कंपनीच्या सर्व्हिस खात्यात मोबाइल नंबर जुन्या मालकाचाच राहतो. आरटीओचं खातं वेगळं, कंपनीचं वेगळं. गाडी घेतल्याच्या आठवड्यात कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करून मालकाचं नाव, पत्ता, नंबर बदलून घ्यायला दहा मिनिटं लागतात. ते जवळपास कोणीच करत नाही, आणि मग 'आम्हाला कोणी कळवलंच नाही' हे खरंच असतं.

रिकॉल मालकाला नाही, चेसिसला चिकटलेला असतो. गाडी चौथ्या हातात असली तरी भाग आणि मजुरी दोन्ही फुकट. 'पहिल्या मालकाला घेऊन या' असं काउंटरवर कोणी म्हणालं तर ते ऐकायचं नाही, आरसीची प्रत पुरते.

तपासायला लागतो १७ आकडी-अक्षरी चेसिस नंबर. एमपरिवहन ॲपवर तो अर्धा झाकलेला दिसतो, म्हणून आरसीवरून नाहीतर गाडीवरूनच उतरवावा लागतो. बहुतेक गाड्यांत तो इंजिनच्या मागच्या पत्र्यावर किंवा पुढच्या सीटखाली कार्पेट उचलल्यावर ठोकलेला असतो. या नंबरात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं नसतातच. जिथे ओ वाटतो तिथे शून्य, जिथे आय वाटतो तिथे एक. 'नंबर सापडत नाही' असा निरोप संकेतस्थळावर आला की आधी हीच चूक शोधावी. कंपनीच्या संकेतस्थळावर रिकॉलचं पान असतं, तिथे नंबर टाकला की लगेच उत्तर येतं. एजंट गाडी दाखवायला आणतो तेव्हाच, बयाणा द्यायच्या आधी, हे करून टाकावं.

कुठल्या गाड्यांकडे जास्त लक्ष द्यायचं? टकाटा या जपानी कंपनीचे इन्फ्लेटर, म्हणजे बॅग फुगवणारे डबे, ज्यांत बसले त्या. होंडाने जुलै २०१६ मध्ये भारतात १,९०,५७८ गाड्या बोलावल्या, जानेवारी २०१७ मध्ये २०१२ साली बनलेल्या ४१,५८०, आणि जानेवारी २०१८ मध्ये २०१३ च्या २२,८३४. सिटी, जॅझ, सिव्हिक, अकॉर्ड ही नावं त्यांत. टोयोटाच्या जुन्या कोरोला अल्टिस आणि फोर्डच्या जुन्या एन्डेव्हर याच कारणाने बोलावल्या गेल्या. गावाकडच्या बाजारात आज स्वस्तात मिळणारी 'मेन्टेन केलेली सिटी' याच वर्षांतली असते. वेगळ्या जातीचा दोष म्हणजे जानेवारी २०२३ चा मारुतीचा रिकॉल: १७,३६२ गाड्या, अल्टो के-१०, एस-प्रेसो, ईको, ब्रेझा, बलेनो, ग्रँड विटारा. तिथे बॅग नव्हे, एअरबॅगचा कंट्रोलर, म्हणजे बॅग कधी उघडायची ते ठरवणारं यंत्र, बदलायचा होता. यादीत मॉडेल आहे म्हणून तुमची गाडी असेलच असं नाही, आणि नाही म्हणून निर्धास्त होण्यातही अर्थ नाही. खरं काय ते चेसिस नंबरच सांगतो.

टकाटाचा दोष समजून घेतला तर घाई का करायची ते कळतं. बॅग फुगवायला इन्फ्लेटरमध्ये अमोनियम नायट्रेटच्या दाबलेल्या वड्या वापरल्या, आणि ज्यांच्यावरून एवढं घडलं त्या इन्फ्लेटरांत ओल शोषणारा पदार्थ घातलेला नव्हता. खताचं पोतं उघडं राहिलं की कसं ओल धरतं ते कास्तकाराला सांगायला नको. वर्षानुवर्षं तापणं-निवणं आणि दमटपणा सोसून या वड्यांना भेगा पडतात, त्या भुसभुशीत होतात. ठिणगी मिळाली की भुगा वडीपेक्षा कितीतरी वेगाने जळतो, दाब डब्याला पेलवत नाही आणि धातूचा डबाच फुटून त्याचे तुकडे बॅग फाडून बाहेर येतात, ड्रायव्हरच्या मानेच्या आणि चेहऱ्याच्या उंचीवर. साधी धडक, जिच्यातून माणूस खरचटून सुटला असता, ती जिवावर बेतते. अकोला-चंद्रपूरकडे मे महिन्यात ४५ अंशांत बंद उभी गाडी, आणि त्यानंतर लगेच चार महिने पावसाळी ओल. या वड्यांना याहून वाईट काय हवं? जगभरात असे सुमारे १० कोटी इन्फ्लेटर परत बोलावले गेले. टकाटाने जून २०१७ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली.

आता वाट पाहण्याचं. इन्फ्लेटर हा धोकादायक माल धरला जातो, साध्या कुरिअरने येत नाही, तशा कागदांसह रस्त्याने येतो. डीलर तो शेल्फवर ठेवत नाही. तुमच्या चेसिस नंबरवर मागणी लागते, मग वरच्या गोदामातून निघतो. त्यात अधिकृत वर्कशॉप जिल्ह्याच्या गावी, कधी थेट नागपूर-अमरावतीलाच. गडचिरोलीहून नागपूर एका बाजूने १७० किलोमीटर. लिटरला १५ चं ॲव्हरेज धरलं तर जाण्यायेण्याला २२-२३ लिटर पेट्रोल, आणि एक दिवस मोडला. दुरुस्ती फुकट असली तरी एवढा खर्च होतोच, तो कोणी भरून देत नाही. त्यात 'भाग आला नाही, पुढच्या आठवड्यात या' ऐकून परत यायचं म्हणजे चीड येणारच.

म्हणून निघायच्या आधी फोनवर एकच प्रश्न नेमका विचारायचा: भाग तुमच्या हातात आहे, की सिस्टीममध्ये दिसतो? सिस्टीममध्ये दिसतो म्हणजे तो अजून कुठल्यातरी ट्रकमध्ये आहे. दुसरं, एकच बाजू की ड्रायव्हर आणि शेजारची दोन्ही? कधी दोन वेगळे रिकॉल असतात आणि एकाचाच भाग येतो. मागणी लावली त्याचा क्रमांक आणि तारीख लिहून घ्यावी. तीन आठवडे हालचाल नसेल तर कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल: चेसिस नंबर, किलोमीटर, वर्कशॉपचं नाव, मागणीची तारीख, बस्स. फोनवर भांडण्यापेक्षा हे लवकर लागू पडतं. तरीही ढिम्म असतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

सरकारी रिकॉलचा नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहे, दंडही आहे, पण तो बनून सात वर्षं न झालेल्या गाड्यांपुरता. दहा-बारा वर्षांच्या गाडीला आधार आहे तो कंपनीने स्वतःहून जाहीर केलेल्या रिकॉलचा.

भाग येईपर्यंत काय करायचं? शेजारच्या बाजूचा रिकॉल असेल तर पुढची डावी सीट रिकामी ठेवायची, पोरं तर तिथे मुळीच नाहीत. ड्रायव्हरच्या बाजूचा असेल तर गाडी जेवढी कमी काढता येईल तेवढी. गावातल्या गॅरेजात बॅगचं कनेक्टर काढून घेऊ नये. त्याने डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा पेटतो, बिघाडाचा कोड साठतो, आणि वर्कशॉपवाला आधी तोच घोळ निस्तरत बसतो.

रॅम्पवरचं काम नीट केलं तर बघण्यासारखं असतं. बॅटरीची निगेटिव्ह तार काढून, साठलेली वीज उतरावी म्हणून पुस्तकात लिहिली तेवढी मिनिटं थांबतात. थांबलाच नाही तो मेकॅनिक घाईतला समजावा. मग स्टिअरिंगच्या मागचे बोल्ट, पिवळं कनेक्टर, आणि बॅग हातात. ती अंगापासून दूर तोंड करून धरतात आणि टेबलावर कव्हर वर करून ठेवतात, उलटी कधीच नाही. ड्रायव्हरची बाजू अर्ध्या-पाऊण तासात, शेजारची ग्लोव्हबॉक्स काढून एक ते दोन तासांत होते. जुना इन्फ्लेटर कंपनीकडे परत जातो, तो घरी मागू नये.

निघण्यापूर्वी चावी फिरवून एअरबॅगचा दिवा बघायचा: पाच-सात सेकंद पेटून विझला पाहिजे. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून हॉर्न वाजवायचा. एखाद्या कोनात हॉर्न दगा देत असेल तर स्टिअरिंगमागची क्लॉक स्प्रिंग, म्हणजे गुंडाळलेली चपटी तार, ओढली गेली आहे. जॉबकार्डावर रिकॉलचा क्रमांक, नव्या भागाचा नंबर आणि रक्कम शून्य हे वाचूनच सही. 'आलेच आहात तर सर्व्हिसिंग करून टाकू' हे ऐकायला मिळेलच. नाही म्हणायला संकोच नको, रिकॉलला त्याची अट नसते.

रिकॉलमध्ये न बसणारे दोषही याच काउंटरवर येतात आणि माणूस हिरमुसून परत जातो. कापसाची बोंदरी किंवा सोयाबीनची पोती भरायला पुढची सीट काढली आणि तशीच चावी फिरवली, की कोड साठतो. सीट परत बसवली तरी दिवा जात नाही, एसआरएस, म्हणजे एअरबॅगची यंत्रणा, वाचणाऱ्या स्कॅनरनेच जातो. चारशे-पाचशेचं ब्लूटूथ यंत्र बहुधा इंजिनचेच कोड वाचतं. वॉशिंग सेंटरवर सीटखाली पाणी मारल्याने तिथलं पिवळं कनेक्टर गंजतं. गोठ्याशेजारी उभ्या गाडीचं वायरिंग उंदीर खातो. आणि स्टिअरिंगचं काम करताना चाक मोकळं फिरू दिलं की क्लॉक स्प्रिंग तुटते, हे तर ठरलेलंच. या सगळ्याचे पैसे तुमचे.

सर्वांत वाईट प्रकार मात्र यार्डात शिजतो. अपघातात बॅगा फुटलेली गाडी, नव्या बॅगा, कंट्रोलर, डॅशबोर्ड आणि बेल्ट यांचा खर्च गाडीच्या किमतीला भिडणारा. मग 'काही नाही भाऊ, लाइट बंद करून देतो ना मी.' बॅगच्या जागी कनेक्टरमध्ये, बॅग आहे असं कंट्रोलरला भासवणारा छोटा रेझिस्टर, वर नुसतं कव्हर. किंवा दिव्याचा बल्बच काढलेला. किंवा त्याची तार ऑइलच्या दिव्याला जोडलेली. चावी फिरवल्यावर दिवा पेटतच नसेल, किंवा इंजिन सुरू होताच ऑइलच्या दिव्याबरोबर तंतोतंत विझत असेल, तर सौदा तिथेच थांबवावा. डाव्या बाजूला डॅशबोर्डवर बोट फिरवा: झाकणाची शिवण सरळ हवी, फुगीर किंवा चिकटवलेली नको. बेल्ट पूर्ण ओढून तळाच्या पट्टीवरची तारीख गाडीच्या वर्षाशी जुळते का ते पाहा.

यात आणखी एक मेख आहे. फुटलेल्या बॅगच्या जागी कबाड्याकडून दुसऱ्या गाडीची बॅग बसवली असेल, तर ती टकाटाचीही असू शकते. तुमच्या चेसिसवर रिकॉल 'नाही' दिसेल, आणि धोका स्टिअरिंगमध्येच बसलेला असेल. बॅगच्या पाठीवरच्या लेबलवर तिचा स्वतःचा नंबर असतो. शंका असेल तर अधिकृत वर्कशॉपात पैसे देऊन ती उघडून लेबल वाचून घ्यावं. या कामाला रिकॉलवाले हात लावत नाहीत, इथेच प्रत्यक्ष कामाचा अर्धा गुण कापला.

पूर्वीच्या मालकाने बॅग बदलून घेतली असली तरी नंबर पुन्हा टाकून बघावा, दर सहा महिन्यांनी. बाहेरच्या देशांत एकदा बदललेले इन्फ्लेटर परत बदलावे लागल्याची उदाहरणं आहेत.

आणि नवी बॅग बसवून आणली की डाव्या डॅशबोर्डवरचे गजानन महाराज किंवा गणपती परत त्याच जागी चिकटवू नका. ते झाकण ताशी २०० किलोमीटरहून जास्त वेगाने उघडतं, त्यावरची मूर्ती समोरच्याच्या तोंडावर येते. मधल्या एसीच्या जाळीच्या वर, शिवणीच्या बाहेर, तळहाताएवढी जागा असते. देव तिथे बसवावा.