खांद्याचा ब्लॉक: नुसता आणि डेक्सासोबतचा, दोन्ही घेऊन झाले

माझ्या दोन्ही खांद्यांची दुर्बिणीतून ऑपरेशनं झालीत, उजवा दोन वर्षांपूर्वी आणि डावा आत्ता, त्यामुळे तुलना करायचा हक्क आहे असं समजतो. उजव्याच्या वेळी नुसता ब्लॉक होता, म्हणजे मानेच्या बाजूला सोनोग्राफीत बघत बघत नसांजवळ बधिर करायचं औषध सोडतात तो. डाव्याला तोच ब्लॉक पण सोबत ४ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, म्हणजे डेक्सा, ब्लॉक लांबवायला.

फरक सांगतो. पहिला सकाळी नऊला दिला, रात्री दहाच्या आसपास उतरला, आणि उतरला म्हणजे काय तर अर्ध्या तासात शून्यावरून थेट कळा. डिस्चार्जच्या कागदावर लिहिलेलं 'दुखल्यास गोळी घ्यावी'. अहो दुखायला लागल्यावर घेतलेली गोळी चढेपर्यंत माणूस रडकुंडीला येतो!! दुसरा साडेनऊला दिला तो दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बोटांत मुंग्या यायला लागल्या, म्हणजे साडेएकवीस तास, पहिली रात्र अख्खी पार. आणि यावेळी संध्याकाळपासूनच पॅरासिटामॉल आणि सुजेची गोळी घड्याळ लावून चालू ठेवली होती, त्यामुळे ठणका आला पण बेताचा. माझ्या मते निम्मं श्रेय या गोळ्यांनाच.

भूलतज्ज्ञ बाई चांगल्या भेटल्या, विचारलं तेवढं सगळं सांगितलं. डेक्सा हे स्टिरॉइड, ते स्वतः बधिर करत नाही, ब्लॉक लांबवतं. नसेजवळ देणं हा त्याचा अधिकृत लेबलवरचा वापर नाही म्हणून त्यांनी ते सलाइनमधून शिरेत दिलं, त्यानेही बराचसा तोच फायदा होतो, नसेजवळ दिलं तर थोडे तास जास्त मिळतात इतकंच. डेक्समेडेटोमिडीन म्हणूनही ब्लॉक लांबवणारं एक औषध आहे पण त्याने नाडी मंदावते, बीपी उतरतं, गुंगी येते, आणि माझी नाडी आधीच संथ म्हणून ते नको म्हणाल्या. पटलं. शुगरवाल्यांनी मात्र आधीच सांगून ठेवा, डेक्साने एखाद दिवस शुगर वर जाते.

आता तक्रार. ब्लॉक लांबला की त्याच्यासोबतचं सगळंच लांबतं हे कोणी बोललं नाही. आवाज घोगरा, डाव्या डोळ्याची पापणी अर्धी खाली (आरशात बघून मला वाटलं पॅरालिसिसच!), श्वास जरा जड कारण त्या बाजूचा श्वासपटल पण झोपतो. श्वासाचं आधी सांगितलेलं, पापणीचं नाही. सगळं ब्लॉकबरोबर उतरलं पण तोवर जीव टांगणीला. फुफ्फुसाचा त्रास असेल त्यांनी तर हा विषय ऑपरेशनच्या आधीच काढा. आणि हात म्हणजे नुसता ओंडका, झोळीतून मनगट निसटून पलंगाच्या कडेला वाकडं लटकत होतं, मला पत्ताच नाही, बायकोने बघितलं म्हणून. गरम कप वगैरे त्या हाताजवळ आणूच नका.

साडेचार स्टार. अर्धा पापणीचा कापला.

हां आणि एक राहिलं, स्टिरॉइडने झोप उडते. उजव्याच्या वेळी माझ्या ओरडण्याने अख्खं घर जागं होतं, यावेळी घर घोरत होतं आणि मी काही न दुखता पहाटे तीनपर्यंत छताचा पंखा बघत पडलेलो.