प्लास्टिक शीटच्या वाघिणी आणि डबे: चौदा महिने आणि दोन पावसाळ्यांनंतर

मागच्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात पहिली शीट कापली. आता ऑगस्ट चालू आहे. मधल्या चौदा महिन्यांत सहा बॉक्सएन वाघिणी (मालगाडीचे उघडे डबे), दोन आयसीएफ डबे (जुने निळे प्रवासी डबे) आणि रो-रोची, म्हणजे मालट्रक वाहून नेणाऱ्या गाडीची, एक बीआरएन ही सपाट वाघीण एवढं काम झालं. सगळी रेल्वेची छोटी मॉडेलं, १:८७ मापात, म्हणजे एचओ स्केलमध्ये. एवढ्या वापरानंतर शीटबद्दल ठामपणे बोलता येतं, म्हणून मत आधीच सांगतो. कोकणात राहून मॉडेल गाडीचे डबे हाताने बांधायचे असतील तर पुठ्ठा सोडा आणि पॉलिस्टायरीनची शीट घ्या. मात्र गोंद, वजन आणि ऊन या तीन गोष्टी सांभाळा. माझं जे काही बिघडलं ते या तिघांपैकी एकामुळेच.

आधी मी चार वर्षं माउंटबोर्डवर, म्हणजे जाड पुठ्ठ्यावर, काम केलं. रत्नागिरीत आमचं घर जांभ्याचं, वर कौलं. जूनच्या मध्याला भिंतीला ओल धरते ती नवरात्रापर्यंत हटत नाही. पुठ्ठ्याच्या डब्यांच्या बाजू जुलैतच फुगायच्या, छताच्या कडा सुटायच्या आणि श्रावणात निळ्या रंगावर पांढरा बुरा यायचा. एका वर्षी तर झुरळांनी खळीचे सांधे खाल्ले. दिवाळीच्या सुट्टीत मांडणी करायला बसलो की आधी दुरुस्ती, मग गाडी, असं ठरलेलंच होतं. म्हणून या शीटची खरी परीक्षा मी एकाच गोष्टीवर घेतली: त्याच फळीवर, त्याच भिंतीला लागून ठेवायची आणि बघायचं.

पहिल्या बॉक्सएनची बॉडी मी ११२.५ मिमी लांब कापली होती, कारण खऱ्या वाघिणीची हेडस्टॉक ते हेडस्टॉक (दोन्ही टोकांच्या आडव्या तुळयांमधली) लांबी ९७८४ मिमी आहे. काल पुन्हा व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं साधन) लावला, तेवढीच भरली. कड फुगलेली नाही, सांधा सुटलेला नाही, बुरा नाही. पॉलिस्टायरीन पाणी जवळजवळ पीतच नाही. कोकणातल्या माणसाला या मालाचा याहून मोठा गुण दुसरा सांगायला नको.

माल मिळवताना मात्र फसायला होतं. पाट्या बनवणाऱ्या दुकानात ‘प्लास्टिक शीट’ मागितली की सनबोर्ड किंवा पीव्हीसीची फोम शीट हातात पडते. दिसायला तीही पांढरी, गुळगुळीत. मीही तीच घेऊन आलो आणि दोन संध्याकाळी सांधे का धरत नाहीत म्हणून डोकं धरून बसलो. आता दोन वाट्यांची परीक्षा केल्याशिवाय शीट घेत नाही. एका वाटीत साधं पाणी, दुसरीत मीठ विरघळेनासं होईपर्यंत मीठ घातलेलं पाणी. पॉलिस्टायरीनचा तुकडा साध्या पाण्यात बुडतो आणि मिठाच्या पाण्यात तरंगतो. फोम शीट दोन्हींत तरंगते, घट्ट पीव्हीसी दोन्हींत तळ गाठतं. पुतणीने भाट्याच्या किनाऱ्यावरून बाटली भरून समुद्राचं पाणी आणलं होतं, पण त्यात तुकडा बुडाला. समुद्राचा खारटपणा या कामाला पुरत नाही, स्वयंपाकघरातलं मीठच लागतं. एबीएस हे दुसरं प्लास्टिकही या परीक्षेत पॉलिस्टायरीनसारखंच वागतं, पण तेही या कामाला चालतं, त्यामुळे नुकसान नाही. तुकड्याला बुडबुडे चिकटले असतील तर बोटाने झटका, नाहीतर निकाल चुकतो.

जाडीची एक तक्रार आहे. मागवलेल्या एका गठ्ठ्यावर १ मिमी लिहिलं होतं आणि व्हर्निअरवर ०.८५ भरत होतं. ऐकायला फरक क्षुल्लक वाटतो. पण दोन बाजू एका गठ्ठ्यातल्या आणि दोन टोकं दुसऱ्या गठ्ठ्यातली झाली की चारही कोपऱ्यांवर पायरी दिसते, आणि ती घासताना बाजूच्या उभ्या पट्ट्या जातात. माझी तिसरी वाघीण अशीच वाया गेली. तेव्हापासून एक डबा एकाच गठ्ठ्यातून कापतो. बाजू आणि तळाला १ मिमी, वरच्या थराला आणि छताला अर्धा मिमी, बारीक पट्ट्यांना पाव मिमी, एवढ्या तीन जाड्यांवर माझं सगळं भागतं.

कापणं हा या मालाचा सगळ्यात आनंदाचा भाग आहे. पुठ्ठ्यासारखं आरपार कापायचं नसतं. लोखंडी पट्टी धरून कटरने दोन-तीन हलक्या रेघा ओढायच्या, रेघ टेबलाच्या कडेवर आणायची आणि खाली दाबायची. टक् असा आवाज होतो आणि शीट रेघेवर सरळ तुटते. कड थोडी उचललेली राहते, ती पात्याच्या पाठीने खरवडून काढायची. जोर लावून एकाच रेघेत खोल जायला गेलात तर पातं घसरतं आणि बोट कापतं.

पट्टीला पावसात गंज चढतो आणि पांढऱ्या शीटवर तपकिरी डाग उमटतात. म्हणून मी पट्टीला खोबरेल लावून ठेवायला लागलो आणि नवीनच दुखणं ओढवून घेतलं. तेल शीटवर उतरलं, आणि तेलावर सांधा धरतच नाही. चौथ्या वाघिणीच्या बाजूच्या अकरा पट्ट्या सकाळी हात लावताच गळून पडल्या. आता पट्टी फडक्याने कोरडी पुसतो आणि कापलेला प्रत्येक भाग भांडी घासायच्या साबणाने धुऊन, वाळवून मगच चिकटवतो.

चिकटवायला ब्रशने लावायचं पातळ लिक्विड सिमेंट वापरतो. दोन कडा कोरड्याच एकमेकींना लावून धरायच्या आणि ब्रशचं टोक सांध्याला टेकवायचं. द्रव आपोआप सांध्यात ओढला जातो, दोन्ही कडा किंचित विरघळतात आणि वाळल्यावर एकच प्लास्टिक होतं. फेव्हिक्विकचा सांधा डबा पडला की तुटतो, हा तुटत नाही. हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी थिनर स्वस्त आहे, पण ते पातळ शीट खाऊन खड्डा पाडतं. आणि हे काम खिडकी उघडी ठेवूनच करा. पाऊस आत येतो म्हणून खिडकी लावून घेतली तर ती वाफ तुमच्याच डोक्यात जाते.

आता आयसीएफ डब्यांबद्दल जरा सविस्तर, कारण यांनी मला सगळ्यात जास्त शिकवलं. पेरांबूरच्या कारखान्यात १९५५ पासून बनत आलेला हा डबा २०१८ मध्ये बनायचा बंद झाला, आणि आपल्या मार्गावरच्या गाड्यांना एकामागून एक नव्या, एलएचबी जातीचे डबे लागत गेले. मला मात्र कोकण रेल्वे म्हटलं की निळा आयसीएफ स्लीपरच दिसतो. पहिल्यांदा मुंबईहून गाडीने गावी आलो तो त्याच डब्यातून, खिडकीच्या गजांना कपाळ टेकवून. खरा डबा २१,३३७ मिमी लांब, म्हणजे आपल्या मापात २४५ मिमी.

एवढ्या लांब बाजूत इतक्या खिडक्या कटरने कोरायच्या म्हणजे एक चूक झाली की पूर्ण बाजू गेली. माझ्या दोन बाजू अशाच गेल्या. मग पद्धत बदलली. खिडकी कोरायचीच नाही. खिडक्यांखालची एक लांब पट्टी, वरची एक लांब पट्टी, आणि मधे खिडक्यांमधले खांब एकेक करून चिकटवायचे. उरलेली जागा म्हणजेच खिडकी. सगळे खांब एकाच पट्टीतून एका मापाने तोडले की खिडक्या आपोआप सारख्या येतात. एक बाजू लावायला दोन संध्याकाळी लागतात, पण खांब चुकला तर तेवढाच काढून नवा बसवता येतो.

खिडकीच्या आडव्या गजांसाठी मी मासेमारीचं बारीक तंगूस वापरलं. नायलॉनला लिक्विड सिमेंट लागू होत नाही, म्हणून आतल्या बाजूने ताणून प्रत्येक खांबावर सुईच्या टोकाने फेव्हिक्विकचा ठिपका द्यायचा. मी सगळीकडे गज लावत सुटलो होतो. पुतणी शेजारी बसून बघत होती. ती म्हणाली, “काका, टॉयलेटच्या खिडकीला कुठे असे गज असतात? तिथे दुधी काच असते.” बरोबर होतं. चारही कोपऱ्यांतले गज काढले.

या डब्याची बाजू दोन थरांची केली होती, १ मिमीवर अर्धा मिमी. तिथे मोठी चूक झाली. दोन्ही थरांच्या मधे भरपूर सिमेंट लावून दाबून टाकलं. त्या दिवशी बाजू तीरासारखी सरळ होती. तीन आठवड्यांनी ती नारळाच्या झावळीसारखी वाकली. मधे अडकलेलं सिमेंट बाहेर पडायला वाट नसते, ते आतल्या आत प्लास्टिक मऊ करत राहतं आणि हळूहळू पीळ पडतो. आता आतल्या थराला दर दोन सेंटीमीटरवर भोक पाडतो, सिमेंट कमीत कमी लावतो, दोन दिवस वजनाखाली ठेवतो आणि आतून लांबीभर दोन मिमीची चौकोनी पट्टी देतो. पूर्ण बंद डब्याच्या तळालाही एक भोक ठेवतो, वाफ निघून जायला. दुसरा डबा असा केला, तो आठ महिने झाले तरी सरळ आहे.

छतासाठी अर्धा मिमीची शीट पाइपवर कापडाच्या पट्ट्यांनी घट्ट बांधून वरून उकळतं पाणी ओततो, लगेच थंड पाण्यात बुडवतो. पाइप जीआयचा घ्या. नळकामाचा पीव्हीसी पाइप त्या पाण्याने स्वतःच नरम होतो. सोडल्यावर शीट थोडी उघडते, म्हणून हवा त्यापेक्षा कमी व्यासाचा पाइप लागतो. छत मधे जवळजवळ सपाट आणि कडेला पटकन उतरणारं आहे, तो आकार टिकवायला आत दर तीन सेंटीमीटरवर कमानी बसवल्या.

ऊन या मालाचा वैरी आहे. मे महिन्यात चिपळूणला मित्राला दाखवायला पहिला डबा घेऊन गेलो आणि तो गाडीत मागच्या काचेखाली राहिला. दोन तासांनी आलो तर छत मधोमध बसलेलं, आणि एक बाजू खिडक्यांच्या रांगेवर मोडल्यासारखी. गडद निळा रंग ऊन जास्त ओढतो, त्यात बंद काच. छत नवीन करावं लागलं. घरात, कौलांखाली, असा त्रास कधीच झाला नाही.

वजनाचं गणित अमेरिकेतल्या एनएमआरए या संस्थेच्या सूत्राने करतो: एक औंस, अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. बॉक्सएनला साधारण ९० ग्रॅम, आयसीएफला १६५ ग्रॅम. शीटची वाघीण चाकांसकट जेमतेम तीस ग्रॅम भरते, त्यामुळे वजन घातलं नाही तर वळणावर रुळावरून उतरते. सुरुवातीला लोखंडी नट घातले. खाऱ्या हवेने त्यांना गंज चढला, ते फुगले आणि तळाला भेग गेली. मग मिरकरवाड्याच्या मासेमारी बंदरावर जाऊन जाळ्याला लावतात ते शिसं आणलं. शिशाला गंज येत नाही, पण ते पांढऱ्या फेव्हिकॉलने कधीच चिकटवू नका. त्या गोंदाशी शिशाची हळूहळू प्रक्रिया होऊन पांढरा क्षार धरतो, तो फुगतो आणि काही वर्षांनी डबा फाडतो. अ‍ॅरल्डाइट वापरा. शिसं हाताळल्यावर हात साबणाने धुवा, आणि मुलांना त्याला हात लावू देऊ नका.

बोगी (डब्याखालची चाकांची चौकट) आणि चाकं मी बनवत नाही. बॉक्सएनची कॅस्नब बोगी तीन ओतीव भागांची आहे, अमेरिकन मालडब्यांच्या बोगीच्याच घराण्यातली, त्यामुळे तयार एचओ बोगी जवळपास शोभते. एक तडजोड गिळावी लागते: आपल्या दोन रुळांमधलं १६७६ मिमीचं अंतर या मापात १९.३ मिमी व्हायला हवं आणि एचओच्या रुळांमधलं १६.५ आहे. समोरून बघितलं की चाकं आत गेलेली दिसतात. बाजूने कळत नाही.

रंगाबद्दल एवढंच की पावसाळ्यात स्प्रे मारू नका. जुलैत मारलेल्या स्प्रेवर पांढुरकी झाक आली, कारण थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतला ओलावा धरतो. आता पावसाळ्यात बांधणी आणि दिवाळीनंतर रंग असा क्रम लावलाय. कोरडी हवा असली की अ‍ॅक्रिलिकचे दोन पातळ हात एका दिवसात होतात.

बीआरएनबद्दल थोडं. कोकण रेल्वेवर १९९९ पासून मालट्रक गाडीवर चढवून नेतात, ती रो-रो मला डब्यांइतकीच आवडते. वाघीण सपाट, म्हणून तळ वाकायची भीती जास्त. खाली लांबीभर दोन उभे गर्डर दिले आणि शिसं त्यांच्यामधे लपवलं. सहा महिन्यांत बाक आलेला नाही. वरचा ट्रकही शीटचाच, त्याची ताडपत्री तेवढी टिश्यू पेपरची केली होती. सगळ्या कामात बुरा आला तो फक्त तिच्यावर.

सध्या फळीवर तिसऱ्या आयसीएफची बॉडी आहे, पांढरीच, रंगाची वाट बघत. तिच्या टॉयलेटच्या खिडक्यांसाठी पारदर्शक शीट आठशे नंबरच्या पॉलिश पेपरने घासून दुधी करायची आहे. ते काम पुतणीने मागून घेतलंय.