‘प्लेअर्स हँडबुक’, 2024: मंत्र मोडणारे मंत्र कितपत जमले आहेत?

मासेमारीबंदीच्या काळात, म्हणजे 1 जून ते 31 जुलै या दोन महिन्यांत, मालवणात आमच्या घरी दर रविवारी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या फासे टाकून कथा पुढे नेण्याच्या खेळाचा डाव बसतो, कारण एरवी पहाटे समुद्रावर जाणारे आमचे दोन गडी तेव्हाच मोकळे असतात. गेल्या पावसाळ्यात आम्ही 2014 चे पुस्तक बाजूला ठेवून 2024 चे ‘प्लेअर्स हँडबुक’ हे खेळाडूंचे नियमपुस्तक वापरायला घेतले. डाव चालवणारी, म्हणजे कथा सांगून शत्रूंच्या वतीने खेळणारी, या नात्याने मी वर्षानुवर्षे जिथे अडखळत आले त्या एकाच भागाविषयी, दुसऱ्याचा मंत्र मोडणाऱ्या मंत्रांविषयी, इथे लिहीत आहे. 384 पानांच्या अख्ख्या पुस्तकाचे हे परीक्षण नव्हे.

सर्वांत मोठा बदल ‘काउंटरस्पेल’मध्ये, म्हणजे समोरचा मंत्र टाकत असतानाच तो अडवणाऱ्या मंत्रात, आहे आणि तो मला मनापासून आवडला. पूर्वी तिसऱ्या किंवा त्याखालच्या पातळीचा मंत्र आपोआप फुकट जात असे, वरच्या पातळीच्या मंत्रासाठी मोडणाऱ्याला फाशावर 10 अधिक त्या मंत्राची पातळी एवढा आकडा गाठावा लागे, आणि ज्याचा मंत्र मोडला जात होता त्याने नुसते बघत बसायचे. आता फासा त्याच्याच हाती आला आहे: त्याने कॉन्स्टिट्यूशनचा (शारीरिक दमाचा) सेव्ह, म्हणजे बचावाचा फासा, टाकायचा, आणि तो चुकला तर कृती वाया जाते, पण स्लॉट (मंत्र टाकताना खर्च होणारी, मोजून मिळालेली संधी) शिल्लक राहतो. आमच्यातल्या सर्वांत धाकट्या खेळाडूने पाचव्या पातळीचा आपला एकुलता एक स्लॉट राखून ठेवून अखेर ‘कोन ऑफ कोल्ड’ टाकला, तो चेटकिणीने अडवला आणि सेव्हला फाशावर चार पडले, तेव्हा त्याने रडवेल्या आवाजात विचारले, “माझो स्लॉट गेलो काय?” मी ते पान उघडून त्याच्यापुढे ठेवले. पुढच्या फेरीत त्याने तोच मंत्र पुन्हा टाकला, आणि या वेळी सेव्ह साधला.

या न्यायाची किंमतही आहे. मंत्राची पातळी आता हिशेबात धरलीच जात नाही, त्यामुळे नवव्या पातळीचा ‘विश’ अडवणे आणि तिसऱ्या पातळीचा ‘फायरबॉल’ अडवणे सारखेच झाले आहे. कॉन्स्टिट्यूशनच्या सेव्हमध्ये मुळातच तरबेज असणारा सॉर्सरर हा जादूगार विझर्ड या दुसऱ्या जादूगारापेक्षा सहज निसटतो, आणि लेजंडरी रेझिस्टन्स ही खास ताकद असलेला शत्रू तर चुकलेला सेव्हही साधल्याचे ठरवू शकतो. तरीही जुन्या नियमाकडे परत जायला मी तयार नाही.

पुस्तकाची खरी उणीव मांडणीत आहे. एका टर्नमध्ये मंत्रासाठी एकच स्लॉट खर्च करता येतो, हा नियम सातव्या प्रकरणाच्या सुरुवातीच्या भागात आहे; ‘काउंटरस्पेल’च्या नोंदीत त्याचा उल्लेखही नाही. त्याचा परिणाम मात्र मोठा आहे, कारण स्वतःच्या टर्नमध्ये स्लॉट वापरून टाकलेला मंत्र कोणी अडवला, तर त्या अडवण्याला त्याच टर्नमध्ये दुसरा स्लॉट घालून स्वतः उत्तर देता येत नाही. ते शेजारच्या सोबत्याने द्यावे लागते. आमचे दोन रविवार या वादात गेले.

आधीच लागू झालेला मंत्र संपवणारा ‘डिस्पेल मॅजिक’ जवळपास पूर्वीसारखाच आहे. सारा भार ‘चालू असलेला मंत्र’ या शब्दांवर आहे: ‘फायरबॉल’ची आग क्षणात होऊन जाते, म्हणून मागे मोडायला काही उरत नाही. शत्रूला उडवणारा ‘फ्लाय’ मोडला आणि त्याला पडणे थोपवता आले नाही, तर तो आकाशातून खाली येतो. वेग वाढवणारा ‘हेस्ट’ मोडला तर त्याच्या पुढच्या टर्नच्या शेवटापर्यंत तो जागच्या जागी हतबल होतो. दोन्ही मंत्र तिसऱ्या पातळीचे असल्याने साध्या ‘डिस्पेल’ने आपोआप संपतात, पण तोच ‘फ्लाय’ चौथ्या पातळीच्या स्लॉटमधून टाकला असेल तर फासा टाकून 14 गाठावे लागतात.

आठव्या पातळीचा ‘अँटीमॅजिक फील्ड’ नव्या खेळाडूंना समजावताना मी दांडीच्या किनाऱ्याकडे बोट दाखवते. भरतीत पद्मगड किल्ल्याची वाट पाण्याखाली जाते, पण मोडत नाही. ओहोटी लागली की पुन्हा दिसते. टाकणाऱ्याभोवतीच्या 10 फूट त्रिज्येच्या या वलयात मंत्र असेच दबतात, संपत नाहीत, मात्र त्यांची मुदत आत असतानाही सरत राहते. म्हणून एका मिनिटाचा, म्हणजे दहा फेऱ्यांचा, ‘हेस्ट’ घेऊन कोणी चार फेऱ्या आत राहिला, तर बाहेर आल्यावर त्याच्याकडे सहाच फेऱ्या उरतात, आणि मंत्र संपलेला नसल्याने, शब्दशः वाचले तर, आत शिरताना त्याला ती हतबलताही येत नाही. या वलयावर ‘डिस्पेल मॅजिक’ चालत नाही, हे मात्र पुस्तकाने त्याच नोंदीत स्वच्छ सांगितले आहे. एवढीच काळजी ‘काउंटरस्पेल’च्या बाबतीत घेतलेली नसल्याने, एका टर्नला एकच स्लॉट ही ओळ मी कागदावर लिहून त्या पानावर चिकटवली आहे.